उचल न घेतलेला फड

मागच्या अंकात कलाकारांच्या करारांबद्दल लिहिताना ओघात मी वॉशिंग्टनच्या ‘फुगाझी’ या रॉक बँडचं नाव घेतलं होतं. दोनच ओळी होत्या: चौघे जण, पंधरा वर्षं, पाच डॉलरचं तिकीट, एकाही मोठ्या कंपनीचा पैसा नाही. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आली की या हिशेबाच्या सदरातले जीएसटीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. जीएसटीवाल्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात भेटू.

प्रश्न : ताई, आमचा चौघांचा बँड आहे, मी बेस गिटार वाजवतो. मुंबईची एक कंपनी तीन अल्बमसाठी चार लाख अ‍ॅडव्हान्स देते म्हणतेय. घरचे म्हणतात, हातचं सोडू नकोस. तुम्ही लिहिलेला बँड पैसे न घेता टिकला कसा? घरचे श्रीमंत होते का? *(एक वाचक, इस्लामपूर)*

उत्तर : बाळा, ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हटलं की मान वाटतो. आपल्याकडचा शब्द घे : उचल.

माझे वडील नारायणगावला एका तमाशा फडाची कीर्द लिहायचे. हंगाम संपला की कलाकार, ढोलकीवाले, तंबू ठोकणारे बिगारी, सगळे फडमालकाकडून पुढच्या हंगामाची उचल घ्यायचे. पावसाळा त्यावर काढायचा. फडमालकाने ती रक्कम सावकाराकडून आणलेली, म्हणजे तोही बांधलेलाच. दसऱ्याला फड बाहेर पडला की उचल फिटायला लागायची, आणि बुद्ध पौर्णिमेला हिशेबाला बसलं की बहुतेकांच्या नावावर काहीतरी उरलेलं असायचंच. मग पुन्हा उचल. दुसऱ्या फडाने जास्त देऊ केलं तरी माणूस हलू शकायचा नाही. एका ढोलकीवाल्याचं खातं मी नऊ वह्यांत पुढे ओढलेलं पाहिलंय. ‘मागील बाकी’ हे शब्द मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले.

रेकॉर्ड कंपनीचा पैसा साधारण असाच चालतो. चार लाख हे बक्षीस नाही. स्टुडिओ, व्हिडिओ, जाहिरात हा खर्चही बहुतेक वेळा तुमच्याच नावे मांडतात आणि तुमच्या वाट्याच्या रॉयल्टीतून तो फिटेपर्यंत तुमच्या हातात दमडी येत नाही. शिवाय भागाकार केलास का? चार लाख, चार माणसं, तीन अल्बम. माणशी एका अल्बममागे ३३,३३३ रुपये. एवढ्यासाठी तीन अल्बमचा गळा अडकवायचा का, हे तुम्ही चौघांनी ठरवा.

आता त्या लोकांचं. १९९२ मध्ये यजमानांच्या नोकरीमुळे मी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला राहायला गेले. पोटोमॅक नदीच्या एका काठाला आर्लिंग्टन, दुसऱ्या काठाला वॉशिंग्टन. शेजारच्या पोराने मला सांगितलं की आपल्याच गावात एका साध्या राहत्या घरातून रेकॉर्ड कंपनी चालते, ‘डिस्कॉर्ड’ नावाची. मला वाटलं थट्टा करतोय.

फुगाझीच्या रेकॉर्ड काढणारी ती कंपनी सुरू झाली १९८० मध्ये. ‘टीन आयडल्स’ नावाचा पोरासोरांचा बँड मोडला, तेव्हा त्यांच्या डब्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. चौघांत वाटले असते तर दीडशे-दीडशे हातात आले असते. त्यांनी वाटले नाहीत. त्यातून स्वतःची छोटी रेकॉर्ड काढली, एक हजार प्रती. कव्हरं छापून आणली आणि घरी बसून कात्रीने कापून, घडी घालून, गोंदाने चिकटवली. ती विकली, त्या पैशात मित्रांच्या बँडची काढली, मग आणखी एकाची. त्या टोळक्यातला इयन मकाय, म्हणजे पुढे फुगाझी काढणारा, आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करायचा. श्रीमंत म्हणशील तर नाही, वडील वर्तमानपत्रात होते. पण अन्नाची भ्रांत नव्हती हेही खरं, आणि ते लपवून मी तुला गोष्ट सांगणार नाही.

फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला ३ सप्टेंबर १९८७ ला. मकाय, जो लॅली, ब्रेंडन कँटी, आणि थोड्याच दिवसांत येऊन मिळालेला गी पिचिओटो. (स्पेलिंग बघून लोक त्याला ‘गाय’ म्हणतात. तो ‘गी’ आहे. आर्लिंग्टनच्या वाणसामानाच्या दुकानात तुपाच्या डब्यावरही मी तोच उच्चार ऐकायचे, त्यामुळे माझ्या लक्षात राहिला.) तारखा नीट बघ. बँड जन्मला तेव्हा कंपनीला सात वर्षं झाली होती. कव्हर कापायचे हात तयार होते, गाणी ध्वनिमुद्रित करायला डॉन झिएंटाराचा ‘इनर इअर’ हा स्टुडिओ होता, तोही आधी त्याच्या घराच्या तळघरात, आणि प्रती काढून जगभर पोचवायचं काम लंडनची ‘सदर्न’ ही कंपनी बघत होती. घरात चूल आधीच पेटलेली होती. तुमच्यापाशी ती नाही. म्हणून त्यांच्यासारखं एका रात्रीत ‘नाही’ म्हणणं तुम्हाला जमेल असं मी म्हणत नाही. तुमचा सहाशे डॉलरचा डबा कुठे आहे, एवढंच विचारते. गणपतीतल्या आणि गॅदरिंगच्या सुपाऱ्यांचे पैसे चौघे त्याच रात्री वाटून घेता ना?

प्रश्न : बँकेत ३४ वर्षं नोकरी केलेला माणूस आहे. तिकीट पाच डॉलर आणि चार संसार, हे गणित पटत नाही. ताळेबंद असेल तर दाखवा. *(एक निवृत्त अधिकारी, नाशिक)*

उत्तर : साहेब, तुमच्यासारख्यांसाठीच जणू त्यांनी वही उघडी टाकली आहे. त्यांचे एक हजारांहून जास्त कार्यक्रम झाले आणि त्यातल्या बहुतेकांच्या टेप त्यांच्या ध्वनियोजकांनी करून ठेवल्या होत्या. २०११ मध्ये त्यांनी त्या इंटरनेटवर विकायला ठेवायला सुरुवात केली, आठशेच्या वर कार्यक्रम, एकेकाची सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलरच. प्रत्येक कार्यक्रमाच्या पानावर तारीख, जागा, दारावरचा तिकीटदर आणि आलेली माणसं असे रकाने आहेत. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा मला वडिलांची कीर्द आठवली. रात्री दोनपर्यंत मी गाणी सोडून नुसते रकाने वाचत होते.

गणित असं. समजा, हजार माणसं आली. पाच हजार डॉलर. आता यातून काय जात नाही ते बघा. मॅनेजर नाही, कार्यक्रम मकाय स्वतः फोनवर ठरवायचा. एजंट नाही. पडदे, रोषणाई, धूर नाही, साधे दिवे. एका गाडीत माणसं आणि सामान. सुरुवातीच्या दौऱ्यांत मुक्काम बहुतेक वेळा ओळखीच्यांच्या घरी, जमिनीवर. गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर, त्यामुळे ‘माझं गाणं, तुझं गाणं’ हे भांडणच मांडायला जागा नाही. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीच्या अत्तराच्या आणि भरजरी शालूंच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, तिच्या कर्जाचा आकडा कुणी सांगत नाही. इथे उलटं होतं. अत्तरच नाही.

तिकीट स्वस्त ठेवण्यामागे आणखी एक अट होती : कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडायचं. अमेरिकेत दारूच्या अड्ड्यावर कार्यक्रम केला तर २१ वर्षांखालचं पोर बाहेर राहतं. म्हणून चर्चची सभागृहं, शाळांचे हॉल, सामाजिक संस्थांच्या जागा. रेकॉर्डवर किंमत छापलेली असायची, टपालखर्च धरून, दुकानदाराने वर चढवू नये म्हणून. आपल्याला एमआरपीची सवय आहे, त्यांच्याकडे ते नवल होतं.

पाच डॉलरचा एक उपयोग मला फार आवडतो. गर्दीत कुणी दांडगाई करायला लागला, दुसऱ्यांच्या अंगावर उड्या मारायला लागला, तर ते गाणं थांबवायचे, त्याला नीट शब्दांत सांगायचे. ऐकलं नाही तर पाकिटात घालून पाच डॉलर परत, आणि दार दाखवायचं. तिकीट पन्नास डॉलर असतं तर कुठल्या बँडला हे परवडलं असतं सांगा.

मी त्यांना एकदाच पाहिलं, फोर्ट रेनो या बागेत. वॉशिंग्टनमधली ती सगळ्यात उंच जागा, मागे पाण्याचा बुरूज, उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे फुकट कार्यक्रम होतात. आपल्या शहरात हा बँड जवळजवळ कायम फुकट किंवा कुणाच्या तरी मदतीसाठीच वाजवायचा. मी बाबागाडीत मुलगी, थर्मासमध्ये चहा आणि कानात घालायला कापूस घेऊन गेले होते. लोक चादरी पसरून बसलेले, कुत्री फिरताहेत. कोणतं गाणं कधी हे आधी ठरलेलं नव्हतं. एकाने सुरुवात केली की बाकीचे तिघे मान वर न करता त्यात शिरायचे. बारीला उभे राहिलेले जुने ढोलकीवाले असेच असायचे, म्हणून असेल, पण मला ते परकं वाटलं नाही. मुलगी झोपून गेली होती. कापूस तिला घातला, मला पुरला नाही.

एका बाबतीत मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही. त्यांनी टी-शर्ट विकले नाहीत, कधीच नाही. म्हणायचे, आम्ही संगीताचा धंदा करतो, कपड्यांचा नाही. परिणाम? लोकांनी ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेले टी-शर्ट काढून विकले आणि पैसा भलत्यांच्या खिशात गेला. ज्याच्या रेकॉर्ड खपतात त्याला हा बाणेदारपणा परवडतो. आज रेकॉर्ड कोण घेतंय? आपल्या पोरांनी खुशाल टी-शर्ट विकावेत, फक्त कापडाचं बिल जपून ठेवावं.

प्रश्न : मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आता कॉलेज सोडून बँड करतो म्हणतोय. ड्रम वाजवतो. वरच्या खोलीतून रोज चार तास धडधड. शेजारणी बोलेनाशा झाल्यात. काय करू? *(एक आई, छत्रपती संभाजीनगर)*

उत्तर : बाई, चार तास रोज करत असेल तर पोरगा आळशी नाही, एवढं तरी समाधान माना. फुगाझीचा हा ठरवाठरवीविना चाललेला खेळ मी वर सांगितला ना, तो अशाच तळघरातल्या धडधडीतून आला. पहिला कार्यक्रम झाल्यावर पहिली छोटी रेकॉर्ड निघायला वर्षाच्या वर गेलं आणि पूर्ण लांबीचा अल्बम ‘रिपीटर’ आला १९९० ला. मधली वर्षं बहुतेक तालीम आणि गाडीतला प्रवास.

माझं मत विचाराल तर तिसरं आणि चौथं वर्ष पूर्ण करायला लावा. बँडवर विश्वास नाही म्हणून नव्हे. हातात पदवी असलेला ड्रमर ‘मागील बाकी’च्या कागदावर सही न करायला जास्त धीट असतो. त्यांचा ड्रमर ब्रेंडन कँटी पुढे माहितीपटांना संगीत देऊ लागला, चार मुलांचा बाप आहे, त्यामुळे ड्रम वाजवणाऱ्याचा संसार होत नाही असं काही नाही.

आणि भिंतीला जुन्या गाद्या लावा. ड्रमखाली सतरंजी. शेजारणींकडे एकदा पुरणपोळ्या घेऊन जा.

प्रश्न : तत्त्वं ठीक आहेत. पण निर्वाणा बँडवाले मोठ्या कंपनीकडे गेले आणि जगभर पोचले. तुमचे लोक वॉशिंग्टनचेच राहिले. हे अपयश नाही का? *(एक वाचक, पुणे)*

उत्तर : निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ ला आला आणि त्यानंतर सगळ्या मोठ्या कंपन्या अशा बँडांच्या मागे लागल्या, तुमचं बरोबर आहे. फुगाझीकडेही आल्या. १९९३ मध्ये न्यू यॉर्कच्या रोझलँड सभागृहात कार्यक्रम झाल्यावर अ‍ॅटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमत एर्तेगुन स्वतः रंगमंचामागे येऊन भेटले. पोरं त्यांच्याशी आदराने बोलली, गप्पा मारल्या, आणि नको म्हणाली. जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलपर्यंत दौरे केलेल्या बँडला ‘वॉशिंग्टनचेच राहिले’ म्हणणं जरा पुणेरी झालं, पण सोडून देऊ.

तुमच्या प्रश्नाला दुसऱ्या एका बँडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. त्याच गावचा, त्याच डिस्कॉर्डचा ‘जॉबॉक्स’. त्यांना अ‍ॅटलांटिककडून बोलावणं आलं आणि ते गेले. डिस्कॉर्ड बँडांशी लेखी करारच करत नसे, त्यामुळे अडवायचा प्रश्न नव्हता. शब्दावर चाललेला धंदा, जायचं तर जा. १९९४ ला मोठ्या कंपनीकडून अल्बम आला, चांगला होता, अजून एक आला, आणि १९९७ ला बँड मोडला. पुढे २००९ मध्ये तो १९९४ चा अल्बम त्यांनी पुन्हा काढला, तेव्हा तो आला कुठून? त्यांच्या स्वतःच्या छोट्या कंपनीकडून आणि डिस्कॉर्डकडून. मी यातून कुणाला हरलं-जिंकलं ठरवत नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं एवढंच मला दिसतं, आणि फडाच्या वहीत मी तसं दार कधी पाहिलं नव्हतं.

स्वतःचं मालक असण्याची एक चैन सांगते. १९९२ ला फुगाझीवाले शिकागोला स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडे गेले, पुढच्या अल्बमची गाणी ध्वनिमुद्रित केली. घरी येऊन ऐकली, पटली नाहीत. अल्बिनीलाही पटली नव्हती. बाजूला ठेवली आणि परत आर्लिंग्टनला टेड नाइसलीबरोबर सगळं पहिल्यापासून केलं. उचलीवर असता तर स्टुडिओचा तो दुसरा खर्चही मागील बाकीत जाऊन बसला असता.

प्रश्न : मी बँडची गाणी लिहिते आणि गाते. आम्हाला आलेल्या करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं आहे. विश्वात म्हणजे चंद्रावरही का? *(एक गायिका, कोल्हापूर)*

उत्तर : हो, चंद्रावरही. वकील लोक काही सोडत नाहीत.

तुझ्या कामाच्या गोष्टी सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहून देताना ते लेखी, सहीनिशी आणि कुठल्या कृतीचे, कोणते, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशासाठी हे सांगून द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते ‘कायमस्वरूपी’ आणि ‘विश्व’ एवढ्या प्रेमाने लिहितात. हक्क घेऊन वर्षभर काहीच वापरले नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. तेव्हा तसं वेगळं काही लिहिलंय का ते आधी शोध.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा समान वाटा तुला लिहून देताच येत नाही, फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. शब्द तुझे आहेत, तर आयपीआरएसची, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची, सभासद हो, कंपनी करो न करो. पण ध्वनिमुद्रणाचं वेगळं आहे. ते ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर झालं तो कायद्याने त्याचा निर्माता, आणि मालकही बहुधा तोच. स्टुडिओचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, याचा विचार गाणं म्हणायच्या आधी करायचा असतो. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने २०१० मध्ये एका अल्बमची गाणी महिन्याला एक अशी फुकट वाटली. आपला माल आपल्या ताब्यात असला म्हणजे फुकटसुद्धा वाटता येतो.

सही करण्याआधी कागद वकिलाला दाखव. मी हिशेबनीस आहे, वकील नाही.

प्रश्न : मग फुगाझी थांबले ते का? भांडण झालं? *(दोन-तीन पत्रांत)*

उत्तर : भांडण नाही. ‘द आर्ग्युमेंट’ हा शेवटचा अल्बम २००१ चा, आणि नाव असलं तरी त्यात भांडण नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला शेवटचे कार्यक्रम झाले. मुलंबाळं झाली होती, महिनोन्‌महिने गाडीत राहणं जमेना. मोडलो असंही त्यांनी कधी म्हटलं नाही. लॅली काही वर्षं रोमला राहिला. पुढे तो आणि कँटी ‘मेसथेटिक्स’ या बँडमध्ये, आणि लॅली व मकाय ‘कॉरिकी’मध्ये एकत्र वाजवायला लागले. हंगाम संपला, राहुट्या सोडल्या, माणसं घरी गेली. कुणाच्या नावावर काही बाकी नव्हतं.

ता. क. चा प्रश्न : ताई, पहिल्यांदा कोणतं गाणं ऐकू? *(पुन्हा इस्लामपूरचा बेसवाला)*

उत्तर : ‘वेटिंग रूम’. १९८८ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं पहिलंच. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, सुरुवात तुझ्या वाद्याची आहे आणि त्या स्पीकरमध्ये बेस येतच नाही. विसेक सेकंद झाल्यावर चौघे एकदम थांबतात. पूर्ण शांत. मी ते पहिल्यांदा कॅसेटवर ऐकलं होतं. टेप गुंडाळली गेली असं वाटून मी पेन्सिल शोधायला उठले, आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचते तोच मागे गाणं पुन्हा सुरू झालं.